परभणी लागत नव्हती, आणि दोष घरातच निघाला

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी होतो आणि पहिल्याच आठवड्यात आण्णा म्हणले, "परभणी आता लागत नाही बघ, नुसती घरघर येतीय, टावरच कमजोर झालं असंल." आण्णांना सकाळी उठलं की रेडिओ लागतो, आणि रेडिओ म्हणजे परभणी आकाशवाणी, मिडियम वेव्हवर (म्हणजे एएमवर) 1305 किलोहर्ट्झ. आमच्या गावापासून परभणी सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर असंल, एवढ्या जवळचं स्टेशन लागू नये हे मला काही पटंना.

मी आधी वरची दांडी ओढून फिरवून बघितली, सगळे तेच करतात. पण ती दांडी एफएम आणि शॉर्ट वेव्हची, एएमला तिचा उपयोग नाही. एएमचा अँटेना रेडिओच्या पोटात असतो, फेराईटची काळी कांडी आणि तिच्यावर बारीक तारेचे वेढे, आणि ही कांडी स्टेशनकडं टोक करून धरली की आवाज पार बसतो, स्टेशनला आडवी धरली की उठतो. परभणी आम्हाला उत्तरेला, म्हणजे रेडिओची लांब बाजू पूर्व-पश्चिम पाहिजे. आण्णांचा रेडिओ कपाटात बरोबर उलटा ठेवलेला होता! तो फिरवला, थोडा फरक पडला, पण घरघर काही गेली नाही.

मग एका दुपारी लाईट गेली आणि परभणी एकदम खणखणीत. सेलवर चालू होता रेडिओ. लाईट आली की परत घरघर. तेव्हा मेन स्विच पाडला आणि एकेक वस्तू चालू करत गेलो, तर ओसरीतला स्वस्तातला एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर आणि डिशच्या डब्याचा अडॅप्टर हे तिघं निघाले. या वस्तूंच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतं, तो गोंगाट घरभरच्या वायरीतून पसरतो, आणि एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीवर बसवलेला असतो त्यामुळं हा गोंगाटपण त्यातच मिसळतो, रेडिओला दोन्ही वेगळं करता येत नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडली की रेडिओत कडकड होते ती पण एएमच्या या खोडीमुळंच.

दुसरी गोष्ट पत्र्याची. जुनं माळवदाचं घर होतं तेव्हा कुठंही रेडिओ ठेवा, वाजायचा. आता वर पत्रे, आणि पत्रा लहरी अडवतो, म्हणून रेडिओ आतल्या खोलीतून उचलून खिडकीत आणला.

एवढ्यावर भागलं असतं खरं तर, पण मला चैन पडंना. रेडिओला जोर द्यायला एक जादा अँटेना करायला घेतला, लाकडाच्या पट्ट्यांची दीड फूट चौकट केली, तिच्यावर लाईट फिटिंगच्या उरलेल्या वायरीचे 14 वेढे घेतले, पंचवीस मीटरच्या आसपास वायर लागली, आणि माळ्यावरच्या बंद पडलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन लावायला फिरवतात तो भाग, काढून वायरीच्या दोन टोकांना जोडला, 500 पिकोफॅराडच्या आसपासचा. बस्स एवढंच, रेडिओला वायर लावायची नाही, चौकटीची कड स्टेशनकडं करायची, रेडिओ तिच्या शेजारी कांडी चौकटीला काटकोनात येईल असा ठेवायचा आणि गँग हळूहळू फिरवायचा, एका जागी आवाज असा भरून येतो की अंगावर काटा आला माझ्या. रात्री तर पुणं 792 वर स्पष्ट, कारण दिवसा आभाळातला खालचा थर या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरावर आपटून लांबच्या लहरी खाली येतात. आण्णा त्या रात्री साडेदहापर्यंत जागे होते.

बल्ब आम्ही बदलला, डिशचा अडॅप्टर रेडिओच्या वेळेला काढून ठेवतो. चार्जरचं मात्र अजून चालूच आहे, सकाळी कोणी मोबाईल लावला की आण्णा ओसरीतून ओरडतात, "कोण लावलंय रे, काढा तेवढं, शेतीचं सांगायलेत!"