गुडघ्याची प्रश्नावली आणि कमिटीच्या खिडकीतले दोन महिने

फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या के.ओ.ओ.एस. या गुडघ्याचा त्रास मोजणाऱ्या प्रश्नावलीचे मराठी रूपांतर सोलापुरातील रुग्णांवर तपासायचे ठरवले. भाषांतर, उलट भाषांतर (म्हणजे मराठीवरून पुन्हा मूळ भाषेत) आणि मार्गदर्शकांची सही ही कामे महिनाभरात उरकली. अडकले ते संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या कार्यालयात, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

या प्रश्नावलीत ४२ प्रश्न आहेत आणि वेदना, लक्षणे, दैनंदिन कामे, खेळ व जीवनमान असे पाच विभाग. प्रत्येक विभागाचा गुण ० ते १०० असा स्वतंत्र निघतो आणि १०० म्हणजे काहीही त्रास नाही. उकिडवे बसण्याचा प्रश्न खेळाच्या विभागात येतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन जमिनीवर बसतात. त्यांच्यासाठी गुडघा मुडपून बसणे हा खेळ नव्हे, रोजची भाकरी आहे. त्यामुळे मांडी घालण्याचा प्रश्न मधेच घाला, असा शेरा कमिटीच्या एका सदस्यांनी मारला. शेऱ्यामागची कळकळ मला मान्य होती, पण मूळ प्रश्नांत भर घातली की गुण इतर अभ्यासांशी ताडून पाहता येत नाहीत, हे मी लेखी कळवले. खिडकीवरचे लिपिक माझे पत्र न उघडताच म्हणाले, "मॅडम, बदल करून आणा, मगच फाईल पुढे जाईल." तीन बैठका अशाच गेल्या, दर वेळी तीच फाईल, त्याच लाल शाईच्या शेऱ्यासह परत. शेवटी मांडी, पाट आणि भारतीय शौचालय यांवरचे प्रश्न मी वेगळ्या पानावर, गुणांत न धरता जोडले आणि मंजुरी मिळाली. असा अभ्यास करणार असाल, तर हे पान पहिल्याच दिवशी जोडा.

संमतीपत्र तेलुगू आणि कन्नडमध्येही करून ठेवा, ही गोष्ट मला उशिरा सुचली. रुग्ण उठण्यापूर्वी कागद नजरेखालून घाला, कारण धावणे आणि उडी मारणे हे प्रश्न वयस्क बायका हमखास कोरे सोडतात, आणि विभागातले निम्मे तरी प्रश्न भरलेले नसतील तर त्याचा गुण काढता येत नाही. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवले, तर तशी नोंद ठेवा आणि वाचणारी व्यक्ती बदलू नका.

आठवड्याने पुनर्चाचणीला, म्हणजे तीच प्रश्नावली पुन्हा भरायला, आलेल्या एका आजींनी मात्र उडीच्या प्रश्नापुढे स्वतःहून ठामपणे "अतितीव्र" वर खूण केली.