तुम्ही विचारलंत म्हणून: पाथ टाइप न करता मागच्या डिरेक्टरीत कसं जायचं?

टीममध्ये नवीन आलेलं कुणी शेजारी बसून माझा स्क्रीन बघायला लागलं, की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच: "मॅडम, तुम्ही परत त्या फोल्डरमध्ये कशा गेलात? पाथ तर टाइपच केला नाहीत." हातातलं काम सोडून दोन वाक्यांत देता येईल असं हे उत्तर नाही, म्हणून इथे निवांत लिहिते.

टर्मिनलमध्ये ‘सीडी’ (डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, बदलायची कमांड), एक स्पेस आणि एक डॅश. एवढं दिलं की तुम्ही आधीच्या डिरेक्टरीत पोचता. पुन्हा तेच दिलं की परत होतात तिथे. प्रत्येक ‘सीडी’च्या वेळी शेल (टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) जुना पत्ता, म्हणजे पाथ, ‘ओल्डपीडब्ल्यूडी’ या व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि डॅश दिला की तोच काढून वापरतो. लॉगचा (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलचा) भलामोठा पाथ पुन्हा पुन्हा टाइप करणारी, नाहीतर अप ॲरो दाबत जुनी कमांड शोधत बसणारी मुलं पाहिली, की हे त्यांना पहिल्याच दिवशी कुणी का सांगितलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: स्क्रिप्टमध्ये (कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये) ‘सीडी’ केलं, पण स्क्रिप्ट संपल्यावर मी होतो तिथेच, असं का? त्याचं उत्तर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत सापडतं. पीडीपी-७ या कॉम्प्युटरवर काम चाललेलं असताना युनिक्समध्ये ‘फोर्क’ (एका प्रोसेसमधून दुसरी काढायची सोय) आला आणि तोवर नीट चालणारी ‘सीएचडीआयआर’ (तेव्हाची ‘सीडी’) कमांड अचानक चालेनाशी झाली. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. कमांडमध्ये चूक काहीच नव्हती. शेल आता प्रत्येक कमांडसाठी नवी चाइल्ड प्रोसेस (स्वतःपासून निघालेला वेगळा चालू प्रोग्रॅम) काढत होता. डिरेक्टरी बदलायची ती त्या चाइल्डची, आणि चाइल्ड तर लगेच संपायची. शेल जागच्या जागी! शेवटी हे काम शेललाच स्वतःकडे घ्यावं लागलं. तुमची स्क्रिप्टही अशीच चाइल्ड प्रोसेस असते. तिची डिरेक्टरी तिच्याबरोबर जाते.

डॅशची मर्यादा मात्र लवकर कळते, कारण त्याला एकच पत्ता आठवतो. आमचं काम बहुतेक वेळा तीन ठिकाणी चालतं. समजा साइट ५०२ (सर्व्हरची एरर) देतेय. तुम्ही ‘~/डिप्लॉय’मध्ये आहात, इंजिनएक्स या वेब सर्व्हरचा लॉग ‘/व्हार/लॉग/इंजिनएक्स’मध्ये आणि कॉन्फिग ‘/ईटीसी/इंजिनएक्स/साइट्स-अव्हेलेबल’मध्ये. अशा वेळी मी ‘सीडी’ वापरत नाही, ‘पुशडी’ वापरते. ते नव्या जागी नेतं आणि आधीच्या जागा यादीत ठेवतं. ‘पुशडी’ आणि लॉगचा पाथ, मग ‘पुशडी’ आणि कॉन्फिगचा पाथ. आता ‘डर्स -व्ही’ दिलं की असं दिसतं:

० /ईटीसी/इंजिनएक्स/साइट्स-अव्हेलेबल
१ /व्हार/लॉग/इंजिनएक्स
२ ~/डिप्लॉय

शून्य म्हणजे आत्ताची जागा. नुसतं ‘पुशडी’ दिलं तर वरच्या दोघांची अदलाबदल होते. ‘पुशडी +२’ दिलं तर यादी फिरते आणि ‘~/डिप्लॉय’ वर येतं. ‘पॉपडी’ वरची जागा काढून टाकतं आणि तुम्हाला तिच्या खालच्या जागी नेतं. पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच. बॅश या शेलमध्ये हे नंबर टिल्डाला (~) जोडून पाथ म्हणून वापरता येतात. कॉन्फिगमध्ये बसल्या बसल्या ‘टेल -एफ ~१/एरर.लॉग’ दिलं की लॉग समोर. कॉन्फिगची कॉपी डिप्लॉयमध्ये हवी असेल तर ‘सीपी शॉप.कॉन्फ ~२/’. जागचं हलायचीही गरज नाही. फक्त यादी फिरली की नंबर बदलतात, तेव्हा फाइल पुसणाऱ्या ‘आरएम’च्या पुढे ‘~२’ लिहिण्याआधी ‘डर्स -व्ही’ बघायचंच. यात मी कुणालाही सूट देत नाही.

‘पुशडी’ची ही यादी, म्हणजे ‘डिरेक्टरी स्टॅक’, आपल्याकडे सी शेल या जुन्या शेलमधून आली. सी शेल बर्कलीच्या बिल जॉय यांचा, पण त्यातला डिरेक्टरी स्टॅक आणि जॉब कंट्रोल (चालू कामं थांबवणं, पुन्हा सुरू करणं) आधी केला जे. ई. कल्प यांनी, ऑस्ट्रियातल्या लाक्सेनबुर्गच्या संशोधन संस्थेत. सी शेलच्या मॅन पेजवर (सोबत येणाऱ्या माहितीच्या पानावर) तसा उल्लेख आहे. मॅन पेज शेवटपर्यंत वाचा, असं मी म्हणते ते यासाठीसुद्धा.

आता झेडएसएच हा शेल वापरणाऱ्यांसाठी. मॅकवर २०१९च्या कॅटॅलिनापासून तोच डीफॉल्ट शेल आहे. त्यात ‘ऑटो_पुशडी’ आणि ‘पुशडी_इग्नोर_डप्स’ हे दोन पर्याय चालू केले की साधं ‘सीडी’सुद्धा स्टॅक भरत जातं, आणि एकच जागा दोनदा येत नाही. फिश या शेलमध्ये रिकाम्या ओळीवर ऑल्ट आणि डावा ॲरो दाबला तरी मागे जाता येतं.

"मग झोऑक्साइड का नाही वापरत?" नावाच्या तुकड्यावरून फोल्डरमध्ये नेणारं ते टूल मी वापरते की, माझ्या लॅपटॉपवर. तुम्ही कुठे किती वेळा जाता यावरून ते प्रत्येक जागेला गुण देतं. तासाभरात गेला असाल तर गुण चौपट धरतं, दिवसाभरात दुप्पट, आठवडाभरात निम्मे आणि त्याहून जुनं असेल तर पाव. ‘झेड शॉप’ म्हटलं की बहुतेक वेळा हव्या त्याच ठिकाणी नेतं. पण ते माझ्या सवयी लक्षात ठेवतं. आत्ता, या अडचणीत, मला कुठल्या तीन जागा लागणार आहेत ते मी ठरवते, आणि ‘पुशडी’ने ते शेलला सांगते. शिवाय रात्री अडीच वाजता क्लायंटच्या ज्या सर्व्हरवर लॉगिन करायचं असतं, तिथे नवीन काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते. बॅश मात्र जवळजवळ नेहमी असतो.

स्टॅक त्या त्या शेलपुरताच असतो. एका टर्मिनलचे अनेक भाग करणाऱ्या टीमक्समध्ये प्रत्येक पेनचा, म्हणजे भागाचा, वेगळा, आणि पेन बंद केला की त्याचा स्टॅकही गेला. मला हे सोयीचं वाटतं. एका पेनमध्ये एक अडचण, तिच्यापुरत्या तिच्या जागा. सुरुवात करणार असाल तर आठवडाभर फक्त डॅश वापरा. तिसऱ्या जागेसाठी हात अडायला लागला की ‘पुशडी’कडे वळा, आणि ‘डर्स -व्ही’ला ‘डी’ असं एका अक्षराचं एलियस (टोपणनाव) करून ठेवा. ते दिवसभर लागतं.