८५ टक्के, पण कुणाच्या खिशात?

अमेरिकेतला आमचा दवाखाना विकला गेला त्याला तीन वर्षं होतील. तीन डॉक्टर, दोन नर्स आणि बिलिंगला मी. घेणारी कंपनी आणि आमच्या निम्म्या पेशंटांची विमा कंपनी, दोघींचा मालक एकच. पूर्वी त्या विमा कंपनीशी मी फोनवर तासन्‌तास भांडायचे: एमआरआयला परवानगी का नाही, क्लेम परत का आला. आता त्यांच्याकडून प्रत्येक पेशंटमागे दरमहा ठरावीक रक्कम येते. रक्कम वर ठरते, आम्हाला कुणी विचारत नाही.

कटकट गेली, असं डॉक्टर म्हणतात. मला मात्र एक हिशेब टोचत राहतो.

अमेरिकेत २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टने विमा कंपन्यांना बंधन घातलं. व्यक्तिगत आणि छोट्या गटांच्या विम्यात प्रीमियमचे किमान ८० टक्के, मोठ्या गटांच्या विम्यात ८५ टक्के, उपचारांवर आणि त्यांचा दर्जा सुधारण्यावर खर्च व्हायलाच हवेत. कमी पडले तर फरक ग्राहकांना परत. २०१२ पासून तो परत मिळूही लागला. हा नियम मला मनापासून आवडतो, म्हणूनच त्यातली फट जास्त लागते. विमा कंपनीने स्वतःच्याच दवाखान्याला दिलेला पैसाही उपचारांवरचा खर्च म्हणून धरला जातो. समजा १०० डॉलर प्रीमियममधले ८५ आमच्याकडे आले. नियम पाळला गेला. आमचा खरा खर्च झाला ७०. उरलेले १५ दवाखान्याचा नफा, आणि दवाखान्याच्या नफ्याला अशी मर्यादाच नाही. शेवटी जातात त्याच मालकाकडे.

बघायचं कुणी? १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून विम्यावरची देखरेख मुख्यतः राज्यांकडे आहे. एकाच मालकाच्या कंपन्यांमधले व्यवहार वाजवी असावेत, असं राज्यांचे कायदे सांगतात. पण वाजवी ठरवायला तुलनेला बाहेरचा दवाखाना तर उरायला हवा! युनायटेडहेल्थ ही मोठी विमा कंपनी; तिच्याच मालकाच्या ऑप्टम या आरोग्यसेवा कंपनीकडे २०२३ पर्यंत नोकरीत किंवा कराराने जोडलेले सुमारे ९०,००० डॉक्टर होते. मोठं विलीनीकरण सरकारला आधी कळवावं लागतं, पण २०२५ मध्ये त्याची किमान मर्यादा १२.६४ कोटी डॉलर होती. आमच्यासारखे दवाखाने त्याच्या कितीतरी खाली विकले जातात, एकेक करून.

माझं म्हणणं एवढंच: ८० आणि ८५ टक्के मोजायचे तर मालकाच्या दारात मोजा, दोन्ही वह्या एकत्र उघडून.

परवा एक बाई आल्या. विम्याने फिजिओथेरपी नाकारली होती, अपीलसाठी डॉक्टरांचं पत्र हवं होतं. अशी पत्रं मी वर्षानुवर्षं टाइप केली आहेत, हेही केलं. अपील फेटाळलं तर बाहेरच्या स्वतंत्र तपासणीची मागणी करता येते, हे त्यांना दोनदा सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. मग पाकीट बंद करताना लक्षात आलं, आमच्या लेटरहेडच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं मालकाचं नाव आणि मी पत्त्यात लिहिलेलं नाव एकच होतं.