बरचा तक्ता : पाचव्या महिन्याची नोंद

घरात ‘बरचं काम चाललंय’ म्हटलं की आतून ‘बरं’ एवढंच उत्तर येतं. तुम्हाला तरी थोडं जास्त सांगतो. बर हे आयर्लंडच्या मध्यभागातलं, ऑफली परगण्यातलं छोटं शहर. अर्ल ऑफ रॉसने १८४५ मध्ये सहा फूट व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली ती इथेच. लोक त्या दुर्बिणीसाठी बरला जातात, मी तिथल्या जुन्या जनगणनेत अडकलोय : घरोघरची नावं उतरवून सालवार तक्ता जोडतोय.

आयर्लंडच्या जनगणनेच्या कागदांची रड अशी. १८६१ आणि १८७१ चे घरोघरचे तक्ते सरकारनेच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगद्यात गेले. १८२१ ते १८५१ चे बहुतेक सगळे ३० जून १९२२ ला डब्लिनच्या रेकॉर्ड ऑफिसबरोबर जळाले. सलग, नावानिशी हाती लागतात ते थेट १९०१ आणि १९११ चे.

पण त्या ‘बहुतेक’मध्ये बर बसत नाही! १८२१ च्या थोड्या वह्या आगीतून वाचल्या, त्यांत बॅलीब्रिट बॅरनीच्या काही पॅरिशांच्या आहेत आणि त्यांत बर आहे. (बॅरनी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखं, पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द; जुळवायला जाऊ नका.) नाव, वय, धंदा, घराचे मजले, कसायला किती एकर. १८४५ च्या मोठ्या दुष्काळाच्या पाव शतक आधीचं एक शहर दारादारांतून दिसतं. गेले दोन महिने मी फक्त हेच उतरवतोय. वयं वाचताना मजा येते : ४०, ५०, ६० ची नुसती गर्दी, ४१ आणि ५१ विरळ. नेमकं वय कुणाला हवं होतं?

मधली ऐंशी वर्षं मात्र रिकामी. तिथे ग्रिफिथच्या मोजणीचा (एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कर बसवण्यासाठी झालेली जमीन-घरांची मोजणी) आधार घेतोय, पण तिच्यात फक्त कब्जेदार आणि त्याचा मालक, बायकापोरं नाहीत. मालकाच्या रकान्यात बरमध्ये पानामागून पान अर्ल ऑफ रॉस. त्यानंतरच्या फेरमोजणीच्या वह्यांत जुनं नाव खोडून नवं वेगळ्या रंगाच्या शाईने लिहिलेलं असतं. आपल्या फेरफाराच्या नोंदींची सवय असलेल्याला हे लगेच कळतं.

एक चूक कबूल करतो. बरचं सरकारी नाव बराच काळ पार्सन्सटाउन होतं आणि परगणा किंग्ज काउंटी. मी पार्सन्सटाउन दिसलं की आकडा उचलत गेलो. त्यातले काही आकडे शहराचे नव्हतेच, पुअर लॉ युनियनचे होते. ही युनियन म्हणजे निराधारांसाठी वर्कहाउस चालवणारा मोठा टापू, शेजारच्या टिपरेरीतही पसरलेला. लोकसंख्या एका दशकात फुगली म्हणून मी तीन दिवस कारणं शोधत होतो! आता प्रत्येक आकड्याशेजारी ‘हद्द कोणती’ असा रकाना केलाय. परगण्याचे आकडे त्या मानाने सरळ : १८४१ मध्ये १,४६,८५७, १८५१ मध्ये १,१२,०७६, १९०१ मध्ये ६०,१८७, १९११ मध्ये ५६,८३२.

१९०१ आणि १९११ जोडताना वयाचा घोळ येणारच. सत्तरीनंतरचं पेन्शन जानेवारी १९०९ पासून सुरू झालं, त्यामुळे दहा वर्षांत माणसं तेरा-चौदा वर्षांनी म्हातारी होतात. वयावरून जोड्या लावू नका, मुलांची नावं आणि गल्ली बघा. १९११ मध्ये विवाहितेला किती मुलं झाली आणि किती जिवंत आहेत हाही रकाना होता. विधवांनी तो भरायचा नव्हता. भरला तर गणतीला आलेला पोलिस रेघ मारायचा. रेघेखालचे आकडे वाचता येतात, आणि मी ते वेगळे उतरवतो.

आता ज्या कारणाने मी बर निवडलं ते. शहरालगतच्या क्रिंकलच्या बराकी हे ब्रिटिश फौजेतल्या लेन्स्टर रेजिमेंटचं ठाणं होतं. ही रेजिमेंट १८८१ मध्ये दोन पलटणी जोडून झाली, त्यातली एक १०९ वी, बॉम्बे इन्फंट्री. ती मूळची कंपनी सरकारची तिसरी बॉम्बे युरोपियन, १८५८ मध्ये ह्यू रोझच्या फौजेत झाशीला लढलेली. म्हणून मी जन्मस्थळाच्या रकान्यात ‘इंडिया’ शोधत फिरतो. फॉर्मचा नियम असा की जन्म आयर्लंडचा असेल तर परगणा किंवा शहर, बाहेरचा असेल तर नुसता देश. मूल पुण्याच्या कॅम्पात जन्मलं की कराचीत, ते फॉर्म सांगत नाही.

१९२२ च्या उन्हाळ्यात रेजिमेंट मोडली, जूनअखेरीस रेकॉर्ड ऑफिस जळालं, जुलैत क्रिंकलच्या बराकीही पेटवल्या गेल्या.

आपल्याकडे १९०१ चे आकडे मिळतात, पणजोबांचं नाव मिळत नाही. बरच्या शिंप्याचं मिळतं. हेवा वाटतो, दुसरं काय.

पुढच्या महिन्यात १९११ चं क्रिंकल संपवून ‘इंडिया’वाली कुटुंबं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा नोंदींशी ताडून बघणार आहे. फेरमोजणीच्या वह्यांतल्या शाईच्या रंगांवरून साल ओळखायची कुणाला सवय असेल तर सांगा, मी हिरव्यापाशी अडलोय.