वक्ते तयार, हॉल तयार, परवानगी मात्र बंदोबस्तात

आधीच सांगून टाकतो. बेळगाव तालुक्यात डिसेंबरात माइक लावून चार जाणती माणसं बोलती करायची असतील, तर अर्ज दिवाळीच्या आसपासच टाका. नोव्हेंबरच्या शेवटी टाकलात तर तुमचा कागद आणि कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन एकाच वेळी ठाण्यात येतं, आणि त्यात कुणाचा नंबर आधी लागतो हे सांगायला नको.

कार्यक्रम आमच्या गावच्या वाचनालयाचा. आमच्याकडे थंडी पडली की साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, गावोगाव ग्रंथदिंडी, उद्घाटन, सत्रं, कवी संमेलन आणि मधे पोटभर जेवण. ते छानच असतं, पण आमच्या पोरांना भाषण नको होतं. भाषणात माणूस आपली ठरलेली कॅसेट लावतो. समोर कुणी विचारणारं बसलं की ती अडकते आणि मग खरं बोलणं निघतं. म्हणून तीन जाणकार आणि समोर आम्ही, असं ठरवलं. कोल्हापूरचे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, धारवाडच्या कन्नड-मराठी अनुवादक बाई आणि यल्लम्माच्या परंपरेवर काम केलेले एक अभ्यासक. वक्ते, तारीख, हॉल, मंडपवाला, सगळं फोनवर जुळलं.

राहिली पोलीस परवानगी. हॉल चार भिंतींचा, कार्यक्रम संध्याकाळचा, रात्री दहाच्या कितीतरी आधी संपणारा. ध्वनिक्षेपकाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, म्हणजे आम्हाला काही आडकाठी नव्हती. मी मराठीत सुवाच्य अर्ज लिहून ठाण्यात गेलो. दफेदारांनी कागद उलटा केला, मागचं कोरं पान आधी बघितलं, मग पुढचं. म्हणाले, “कन्नडदाग बरकोंड बर्री.” म्हणजे कन्नडात लिहून आणा.

कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे माइकच्या परवानगीचा नमुना तयार असतो, पण तो गणपतीचा. छापून आलेल्या अर्जात ‘मूर्तीची उंची’ आणि ‘विसर्जनाचा मार्ग’ तसेच राहिलेले. प्राध्यापकांची उंची टाकू का, असं मी विचारलं तर तो हसला नाही. दिवसभर माझ्यासारखेच येत असणार.

कन्नड अर्ज घेऊन परत गेलो तर दफेदार म्हणाले, पंचायतीची एनओसी कुठाय? पंचायतीत गेलो. पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, दोन पंचायतींचा चार्ज, त्यामुळे ते कायम दुसऱ्या पंचायतीत. सापडले तेव्हा म्हणाले, “आधी पोलीस परमिशन आणा, मग एनओसी देतो. उद्या काही झालं तर सही माझी असते की.” ठाण्यात तेच सांगितलं तर दफेदार शांतपणे म्हणाले, “एनओसी इल्लद ह्यांग कोडूदु?” म्हणजे एनओसीशिवाय परवानगी नाही आणि परवानगीशिवाय एनओसी नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मी मधे स्कूटरवर.

ही गाठ आमच्याच गल्लीतल्या एका माजी पंचायत सदस्यांनी सोडवली. म्हणाले, “अरे, एनओसीत ‘पोलीस परवानगीच्या अधीन राहून’ एवढं घालून माग की. मग पीडीओचं काही अडत नाही.” खरंच अडलं नाही, लगेच सही झाली. हे वाक्य तुमच्या कुठल्याही अर्जासाठी लिहून ठेवा. इतका साधा तोडगा पंचायतीतल्या कुणालाच ठाऊक नसेल, यावर माझा आजही विश्वास नाही.

मग वक्त्यांची यादी. नाव, पत्ता, आधारची झेरॉक्स, विषय. एक पाहुणा महाराष्ट्राचा म्हटल्यावर दफेदारांनी पेन खाली ठेवलं. “समितीचं काय हे?” म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात मागणाऱ्या एकीकरण समितीचं. मी म्हटलं, नाही, वाचनालयाचं. “मग राजकारण का लिहिलंय?” आता राज्यशास्त्राचा प्राध्यापक राजकारणावर नाही तर भाताच्या रोपांवर बोलणार का? पण ठाण्यात वाद घालायचा नसतो, एवढं इथे वाढलेल्या प्रत्येकाला कळतं. शेवटी फर्मान आलं: ते काय बोलणार ते लिहून द्या.

इथे आमच्या संवादाच्या बेताची खरी पंचाईत झाली. भाषण असतं तर पाहुण्यांकडून चार ओळींचा गोषवारा मागवला असता. उत्तरं आधी कशी लिहून देणार? मी म्हटलं, उत्तरं नाहीत, प्रश्न देतो. आणि रात्री बसून सगळे प्रश्न कन्नडात उतरवले. माझं कन्नड शाळेतलं, म्हणून कॉलेजातल्या पुतणीला बरोबर बसवलं.

प्रश्न साधेच होते. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. लेखकांच्या मांडवात राजकारण आलं ते योग्य झालं का? खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही सूत्रं सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने बाजूला का ठेवली? २००४ पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तोवर इथल्या मराठी शाळेतल्या पोराने कुणाकडे बघायचं? कवी द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडात लिहीत, मग सीमा नेमकी कुठून जाते? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर दोन्ही भाषांतली माणसं एकाच देवीला जातात, तिथे भांडण का होत नाही?

दफेदारांनी यादी उभ्यानेच वाचायला घेतली. बेंद्र्यांपाशी आले आणि खुर्चीत बसले. म्हणाले, “कंबार यांचं नाव का नाही? ज्ञानपीठ मिळालंय. आमच्या जिल्ह्याचे, घोडगेरीचे.” बरोबरच होतं. मी तिथल्या तिथे प्रश्न वाढवला. ते खूश झाले, चहा सांगितला. शिक्का मात्र नाही. शिक्का साहेबांचा, आणि साहेब सौधच्या बंदोबस्तात.

अधिवेशन सुरू झालं की काय होतं हे बाहेरच्यांना कळणार नाही. सुवर्ण विधानसौध २०१२ साली झालं तेव्हापासून हिवाळ्यात अख्खं सरकार बेंगळुरूहून इथे, बेळगावशेजारच्या हलग्याजवळ येतं. आसपास जमावबंदी लागते. पूर्वी तिला सगळे १४४ म्हणायचे, आता नव्या संहितेत ते १६३ झालंय. शेतकरी, अंगणवाडी सेविका, ऊसवाले सगळे मोर्चे घेऊन येतात, पहिल्या दिवशी मराठी महामेळाव्यावरून ओढाताण होते, आणि गावच्या ठाण्यातली निम्मी माणसं हायवेवर उभी असतात. रोज एकच उत्तर: “साहेब्र इल्लरी, नाळे बर्री.” साहेब नाहीत, उद्या या. माझा कागद टेबलाच्या काचेखाली, एका हरवलेल्या म्हशीच्या तक्रारीशेजारी. काचेवरून बोट फिरवून मी तो रोज बघून यायचो. म्हशीचा कागद माझ्या आधी हलला.

इकडे प्राध्यापकांचे फोन, गाडी करू की एसटी? महाराष्ट्र-कर्नाटक तणाव वाढला की एसटी सीमेपर्यंतच येते हे त्यांनाही माहीत. मी रोज ‘येताय, नक्की येताय’ म्हणत होतो आणि आतून पेटत होतो. लग्नाच्या डीजेला रस्ता बंद करून परवानगी मिळते, आणि खुर्चीवर बसून सौम्य आवाजात बोलणाऱ्या तीन वयस्कर माणसांसाठी मुचलका लिहून द्यावा लागतो. होय, मुचलकाही झाला. सोसायटीतून ई-स्टँप काढा, प्रक्षोभक काही बोललं जाणार नाही, जबाबदारी आयोजकांची, खाली माझी सही. प्रक्षोभक म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

साहेब भेटले ते अधिवेशन उठल्यावर, कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी. गणवेशावर हायवेची धूळ तशीच. त्यांनी प्रश्नांची यादी बघितलीसुद्धा नाही. “किती लोक येणार?” “शंभरेक.” “जेवण आहे?” “चहा-बिस्किटं.” शिक्का मारला. एवढ्यासाठी सगळं.

आता आठवतंय म्हणून: अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच, आवक नंबरासकट. तो नंबर नसता तर काचेखालचा कागद कुणी ओळखला नसता. आणि बॅनर. कन्नड वर आणि मोठं हवं, नाहीतर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून पाठवतं आणि पुन्हा ठाणं. आम्ही दोन्ही भाषांत छापला, धारवाडच्या बाईंना तो इतका आवडला की जाताना गुंडाळी करून घेऊन गेल्या.

कार्यक्रम रंगला. प्राध्यापक आमच्या अपेक्षेपेक्षा परखड निघाले. म्हणाले, महाजन अहवाल १९६७ साली आला, त्यात निपाणी, खानापूर, नंदगडसह अडीचशेहून अधिक गावं महाराष्ट्राला दाखवली होती. बेळगाव मिळत नाही म्हणून महाराष्ट्राने तो नाकारला, आणि त्या गावांना आजवर कुणी विचारलं नाही की तुम्हाला काय हवं होतं. मांडीवर वही घेऊन बसलेले आमचे जुने कार्यकर्ते यावर चिडले, उठून बोलले, आणि अर्धा तास तिथेच गेला. यल्लम्मावाल्या अभ्यासकांना त्यामुळे वेळ कमी पडला, याची मला रुखरुख आहे. त्यांनी चौंडकं आणलं होतं. ते वाजवून दाखवत एकच पद आधी कन्नडात, मग मराठीत म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांनी दोन्ही वेळा साथ दिली.

साध्या कपड्यात दफेदार आले होते, ड्यूटी म्हणून की आवडीने, विचारलं नाही. कंबारांचा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि उत्तर संपेपर्यंत खाली घातली नाही.

यंदाचा अर्ज ऑक्टोबरात टाकलाय, कन्नडात, मूर्तीची उंची खोडून. पीडीओ बदललेत. नवे म्हणतात, आधी पोलीस परमिशन आणा.