अडकलेला वर्कर सापडला, आणि पीवाय-बीटीच्या मौनाचं कारणही

मंडळी, मागच्या नोंदीत जो वर्कर (कामाचा वाटा उचलणारी उप-प्रोसेस) रात्री मध्येच गोठतो म्हणून लिहिलं होतं, तो अखेर हाती लागला. कारण कळलं, पुरावा मिळाला, आणि वाटेत जीडीबी या डीबगरबद्दल (चालत्या प्रोसेसच्या आत डोकावणारं हत्यार) एक अशी गोष्ट उलगडली की ती तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवीन आलेल्यांसाठी एवढंच: बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आत्यांच्या रेडिओवरून टेप केलेल्या कॅसेट्स आहेत, त्या डिजिटल करणं चालू आहे. आपल्या गटाचं सामायिक पायथन स्क्रिप्ट फाइली कापतं, फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली ध्वनी-फाइल) बनवतं, प्रत्येकीचं स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंप्रतांचं चित्र) काढतं. त्यासाठी मल्टिप्रोसेसिंगचा पूल, म्हणजे कामं वाटून घेणाऱ्या वर्करांचा गट, आहे. मशीन उबुंटू २४.०४, पायथन ३.१२, पायएनव्हने (पायथनच्या आवृत्त्या बसवणारं साधन) -ओजी (डीबगिंगला सोयीचं ऑप्टिमायझेशन) आणि डीबग सिम्बॉलसह (नावं आणि ओळींचे आकडे सांगणारी माहिती) बांधलेला.

आधी कॅसेट डेकची खबर. रावपुऱ्यातून आणलेला नवा बेल्ट बसला आणि वॉव-फ्लटर (टेपच्या वेगातली थरथर) कानाला जाणवेनासा झाला. तानपुऱ्याचा षड्ज आता सरळ उभा राहतो. बेल्ट घेताना जुना सोबत न्या, नुसता मॉडेल नंबर सांगून भागत नाही. दुकानदार घेर आणि जाडी हातात धरूनच जुळवतात आणि तेच बरोबर आहे.

आता मूळ दुखणं. वर्कर गोठला की सीपीयू शून्य, लॉगमध्ये काही नाही, पालक प्रोसेस निकालाची वाट बघत शांत. पीएस-ट्रीवरून गोठलेल्या मुलाचा, म्हणजे वर्करचा, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घेतला, सुडोने जीडीबी जोडलं. (सुडो यासाठी की उबुंटूवर यामा या सुरक्षा-भागाचं पीट्रेस-स्कोप मुळातच १ असतं, आपण स्वतः जन्माला न घातलेल्या प्रोसेसला साध्या परवान्यावर जोडता येत नाही.) साधं बीटी (कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली ती चळत दाखवणारी आज्ञा) दिलं तर सी-ची सगळी चळत स्वच्छ दिसली: सर्वांत वर फ्युटेक्सची (कर्नलकडची थांबण्याची सोय) वाट, खाली सेमाफोर, त्याखाली पायथनचं लॉक-अक्वायर, आणि मग इंटरप्रिटरचं मुख्य फंक्शन, ईव्हॅल-फ्रेम-डिफॉल्ट. म्हणजे कुठल्या तरी लॉकवर (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) थांबलाय, एवढं पहिल्या मिनिटात कळलं. पण कुठलं लॉक? कुठल्या फाइलसाठी? पायथनच्या कुठल्या ओळीवर? त्यासाठीच तर पीवाय-बीटी, म्हणजे हीच चळत पायथनच्या ओळींत दाखवणारी आज्ञा, असतं. ते दिलं, आणि उत्तर आलं: ‘अनेबल टू रीड पायथन फ्रेम इन्फर्मेशन’. प्रत्येक फ्रेमला (चळतीतल्या पायरीला) तेच एक वाक्य.

या वाक्याने माझा बराच वेळ खाल्ला, कारण त्यातून काहीच कळत नाही. सिम्बॉल नाहीत? आहेत, बीटीमध्ये ओळींचे आकडेसुद्धा दिसतात. ऑटोलोडचा सेफ-पाथ (जीडीबीने मदतीची स्क्रिप्टं कुठून आपोआप उचलावीत याची परवानगी) आडवा येतोय? तसं असतं तर पीवाय-बीटी ही आज्ञाच ओळखीची नसती. ऑप्टिमायझेशनने फ्रेमचा व्हेरिएबल गिळला? ईव्हॅलच्या फ्रेमवर जाऊन ‘फ्रेम’ नावाचा व्हेरिएबल छापून पाहिला तर खणखणीत पत्ता मिळाला. म्हणजे माहिती मेमरीत आहे, जीडीबीला दिसते आहे, आणि पीवाय-बीटी म्हणतंय वाचता येत नाही.

मग ठरवलं, हातानेच वाचायचं. गोठलेला वर्कर पुन्हा हाती लागेल याची खात्री नव्हती, म्हणून आधी जीकोअर चालवून त्याची कोअर फाइल काढून ठेवली. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. प्रोसेस क्षणभर थांबते, तिचं पूर्ण चित्र डिस्कवर उतरतं, आणि नंतर चहा घेत कितीही उलगडा करा, पुरावा जागचा हलत नाही.

फ्रेममधून एफ-कोड (फंक्शनचा कोड), त्यातून फंक्शनचं पूर्ण नाव, मग ‘प्रीव्हियस’ धरून मागच्या फ्रेमवर. प्रीव्हियस, पुन्हा प्रीव्हियस. अधूनमधून इंटरप्रिटरने स्वतःसाठी ठेवलेला शिम फ्रेम लागतो, ज्याच्यामागे आपलं कुठलंच फंक्शन नसतं, तो ओलांडायचा. असं करत वर्करचं फंक्शन गाठलं. त्याचा पहिला आर्ग्युमेंट म्हणजे फाइलचं नाव, ते लोकल्स-प्लसच्या (फंक्शनच्या स्थानिक व्हेरिएबलांची रांग) शून्याव्या जागी. पत्ता मिळाला, आता त्या पत्त्यावर काय लिहिलंय ते बघायचं.

आपल्या जुन्या टिपणात म्हटलंय की देवनागरी स्ट्रिंगची अक्षरं ऑब्जेक्टच्या सुरुवातीपासून ७२ बाइटवर सुरू होतात. तिथे सोळा-बिटी स्ट्रिंग म्हणून वाचलं तर फक्त फ्लॅक या एक्स्टेन्शनमधली शेवटची दोन रोमन अक्षरं आली, ‘ए’ आणि ‘सी’. म्हणजे नाव आधीच सुरू होऊन गेलेलं. ७२ हा आकडा ३.११ पर्यंतचा. ३.१२ मध्ये स्ट्रिंगमधला जुना डब्ल्यूस्टर हा भाग काढून टाकला, त्यामुळे देवनागरीसाठी मथळा (अक्षरांआधीचा भाग) ५६ बाइटचा झाला आणि निव्वळ अ‍ॅस्की स्ट्रिंगसाठी ४० चा. टिपण सुधारून घ्या.

५६ वर बाइट मोजत वाचलं. २६ ०९ ४७ ०९ ३८ ०९ २० ०० ६८ ०९. एकाआड एक ०९ दिसला की आपली लिपी आलीच, कारण देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा ०९०० पासून सुरू होतो आणि इंटेलवर धाकटा बाइट आधी येतो. ०९२६ द, ०९४७ एकाराची मात्रा, ०९३८ स. देस! मग २० ००, ही मोकळी जागा, आणि ०९६८ म्हणजे २. ‘देस २’, आत्यांच्या हातच्या लेबलवर आहे तेच नाव, गोठलेल्या प्रोसेसच्या पोटातून बाइट-बाइट करत बाहेर आलं. तो आनंद ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल. मोकळी जागा ही अ‍ॅस्की असूनही दोन बाइट घेते हेही इथे डोळ्यांनी दिसतं: ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, स्ट्रिंगमधलं सर्वांत रुंद अक्षर जेवढी जागा मागेल तेवढीच सगळ्यांना मिळते.

हाताने वाचता येतंय म्हटल्यावर पीवाय-बीटीचं सोंग उघडं पाडायचंच होतं. पीवाय-बीटी जिच्यात लिहिलंय ती लिबपायथन डॉट पीवाय ही फाइल उघडली. ती जीडीबीच्या पोटातल्या पायथनमध्ये चालते आणि आपल्या प्रोसेसमधल्या पायथनची रचना वाचते. हे दोन पायथन वेगवेगळे, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फाइलमध्ये फ्रेम शोधण्याच्या जागी लिहिलेलं होतं: ‘एफ’ नावाचा व्हेरिएबल वाच, न मिळाल्यास काही नाही परत दे. नुसतं ‘एफ’! आणि मी तर ‘फ्रेम’ छापला होता. जीडीबीइनिटमधून (जीडीबी सुरू होताना वाचली जाणारी फाइल) येणारी ही प्रत पायथन ३.१० ची होती, उबुंटू २२.०४ च्या काळातली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ३.११ ने आतली रचनाच बदलली: फ्रेम हलक्या झाल्या, ईव्हॅल-फंक्शनमधला व्हेरिएबल ‘एफ’चा ‘फ्रेम’ झाला, आणि पायथन फंक्शनने पायथन फंक्शनला हाक मारली तर सी-ची नवी पायरी पडत नाही, त्याच ईव्हॅलच्या आत काम उरकतं. म्हणून सी-च्या चळतीत ईव्हॅल मोजकेच दिसतात आणि त्यांच्या पोटात पायथनच्या फ्रेमांची लांब साखळी असते. जुनं स्क्रिप्ट एका ईव्हॅलमागे एकच फ्रेम धरतं, त्यामुळे नाव जुळलं असतं तरी ते निम्म्या वाटेतच थांबलं असतं.

पायएनव्हवाल्यांनी लक्षात ठेवायचं: पायथन बांधून बसवताना ही फाइल बसवली जात नाही. इन्स्टॉल करताना ‘कीप’ हा पर्याय द्या म्हणजे सोर्स जागेवर राहतो, आणि त्यातल्या टूल्स, जीडीबी या फोल्डरमधली, त्याच आवृत्तीची फाइल सोर्स करा. तशी केली, कोअर उघडली, पीवाय-बीटी. सगळी साखळी एका दमात, ओळींच्या आकड्यांसह. आणि स्पष्ट शब्दांत सांगतो, आवृत्ती जुळत नाही हे या स्क्रिप्टने तोंडाने सांगायला हवं. व्हेरिएबल सापडला नाही, व्हेरिएबल ऑप्टिमायझेशनने गेला, दोन्हीला तेच वाक्य येऊ शकतं हे बरोबर नाही.

आता लॉक. वर्कर थांबला होता प्रगतीची नोंद ठेवणाऱ्या आपल्या मॉड्यूलच्या लॉकवर. लॉक ऑब्जेक्टमध्ये ‘लॉक्ड’ १. मग ते धरलंय कोणी? इन्फो थ्रेड्स (प्रोसेसमधल्या थ्रेडांची, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यांची, यादी) दिलं. एकच थ्रेड. पायरनटाइम या पायथनच्या आतल्या रचनेतून इंटरप्रिटरच्या थ्रेडांची यादी काढली, तिथेही एकच. जो वाट बघतोय तो सोडून या प्रोसेसमध्ये दुसरं कुणीच नाही! लॉक धरणारा या घरात कधी राहतच नव्हता. तो पालक प्रोसेसमध्ये होता. फोर्क झाला, म्हणजे पालकाची प्रत काढून मूल निघालं, तेव्हा मेमरीबरोबर बंद लॉक मुलाकडे आलं, पण ते उघडणारा थ्रेड आला नाही, कारण फोर्क करणारा थ्रेड तेवढा मुलात जातो.

मग सुरुवातीलाच का अडकत नाही, काही तासांनी का? पूलला मॅक्स-टास्क्स-पर-चाइल्ड दिलेलं आहे, स्पेक्ट्रोग्राम काढताना मेमरी फुगते म्हणून. ठराविक कामं झाली की जुना वर्कर जातो आणि पूलचा देखरेख-थ्रेड नवा वर्कर फोर्क करतो, ऐन कामाच्या मध्यात. नेमक्या त्या क्षणी प्रगतीचा थ्रेड लॉक धरून डिस्कवर लिहीत असला की नवा वर्कर जन्मतःच अडकलेला. नोंदीची फाइल यूएसबी डिस्कवर हलवल्यापासून हे वाढलं, तेही आता जुळतं: लिहायला वेळ जास्त, लॉक बंद राहण्याचा काळ जास्त.

३.१२ याबद्दल इशारा देतं, अनेक थ्रेड चालू असताना फोर्क केला की. पण तो डेप्रिकेशन वॉर्निंग आहे आणि मुख्य स्क्रिप्टबाहेरून आला तर मुळातच लपवला जातो. इथे तो मल्टिप्रोसेसिंगच्या आतून येतो. एक्स-डेव्ह (पायथनचा जास्तीचे इशारे दाखवणारा पर्याय) लावून चालवलं आणि तो लगेच दिसला. आपल्या सगळ्या रात्रभराच्या स्क्रिप्टांना एक्स-डेव्ह लावून एकदा तरी फिरवा. लॉगिंगचं लॉक मात्र सुरक्षित आहे, फोर्कनंतर मुलात ते नव्याने तयार होतं. तशी सोय आपण बनवलेल्या लॉकला आपोआप मिळत नाही, ती रजिस्टर-अ‍ॅट-फोर्कने करावी लागते.

पुण्याच्या सभासदांनी विचारलं होतं, पाय-स्पाय (बाहेरून पायथन प्रोसेसची साखळी वाचणारं साधन) का नाही? चांगलं हत्यार आहे, डम्पला लोकल्स जोडलं तर साखळी आणि नावं चटकन देतं, आणि घाई असेल तेव्हा मीही आधी तेच काढतो. पण लॉकच्या पोटातला ‘लॉक्ड’ आणि सी-चा सेमाफोर हे जीडीबीतच दिसतं. दुसरा प्रश्न होता, ३.१४ मध्ये पीडीबी (पायथनचा स्वतःचा डीबगर) चालत्या प्रोसेसला पीआयडीने जोडता येतं, मग हे सगळं कशाला? ती सोय मलाही फार आवडली, पण ती इंटरप्रिटर पुढच्या सुरक्षित थांब्यावर येईपर्यंत वाट बघते. आपला वर्कर लॉकवर निजलेला, तो थांबा येणारच नाही. अशा वेळी बाहेरून मेमरी वाचणं हाच मार्ग. जीडीबीतून आतली फंक्शनं हाक मारून चालवण्याचा सल्लाही आला होता. कोअरवर ते होत नाही, आणि जिवंत प्रोसेसवर मी पुराव्याला हात लावत नाही.

उपाय म्हणून फोर्कऐवजी स्पॉन (प्रत न काढता कोरा पायथन सुरू करणं) लावला. वर्कर सुरू व्हायला वेळ लागतो, मुख्य भाग मेन-गार्डमध्ये (फक्त मुख्य स्क्रिप्ट म्हणून चालवल्यावर चालणारा भाग) ठेवावा लागतो, पण कालची पूर्ण रात्र पूल अडखळला नाही. ३.१४ मध्ये लिनक्सवर फोर्कसर्व्हर (वेगळ्या स्वच्छ प्रोसेसमधून फोर्क करणं) हाच मूळ मार्ग झालाय, तेव्हा दिशा बरोबर आहे.

इथवर लिहिताना मात्र नवंच सुचलं. फाइली कापणं आणि फ्लॅक बनवणं हे काम तर एफएफएमपेग (ध्वनी-चित्र फाइलींवर काम करणारा प्रोग्राम) करतं, वेगळ्या प्रोसेसमध्ये. शांत जागाही त्याचंच सायलेन्स-डिटेक्ट शोधतं. पायथन नुसता वाट बघतो. मग त्या टप्प्याला पूल हवाच कशाला, साधा थ्रेडपूल पुरे! जीआयएलची (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं लॉक) अडचण नाही, फोर्क नाही, नोंदीचं लॉक एकाच प्रोसेसमध्ये. स्पॉनचा पूल फक्त स्पेक्ट्रोग्रामला ठेवायचा. तेव्हा या आठवड्यात ठरवलेलं सिम्बॉल-टिपण मागे टाकतोय, आधी स्क्रिप्टचे दोन तुकडे करतो. बदल झाला की सामायिक प्रतीत चढवीन. ज्यांचं मशीन ३.१३ वर आहे त्यांनी तोवर एक करा: थ्रेडमधून सीफ्रेम (चालू फ्रेमकडे नेणारी मधली रचना) आता गेला, करंट-फ्रेम थेट मिळतो, आणि एफ-कोडच्या जागी एफ-एक्झिक्युटेबल आलंय. एखादी देवनागरी नावाची फाइल घेऊन हाताने साखळी चालून पाहा आणि ५६ तिथेही लागू पडतो का ते बाइटांसकट पाठवा, म्हणजे टिपणात दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी मांडता येतील.