आजीच्या ओव्या आणि पांढरी बुरशी

मागच्या मे महिन्यात संगमेश्वरजवळच्या आमच्या घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत चौदा कॅसेट आणि एक स्पूल, म्हणजे उघड्या चक्रावरची टेप. बाबांनी १९८४-८५ साली टू-इन-वनवर (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या, त्या याच. वर बाबांचं तिरकं अक्षर : ‘आई, दळण, १’. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळाच्या कडेला कापसासारखं पांढरं काहीतरी धरलेलं. बुरशीच. कोकणातले चाळीस पावसाळे काढल्यावर दुसरं काय होणार!

मग मी जे केलं ते कुणीही करू नये. पुण्याला पोचल्या पोचल्या पहिली कॅसेट डेकमध्ये घातली. दहा सेकंद नुसती खरखर, मग एक किंचाळी, आणि फीत पिंच रोलरभोवती, म्हणजे ती ओढणाऱ्या रबरी चाकाभोवती, गुंडाळली गेली. बाहेर ओढून काढली तेव्हा हातभर तुकड्याची सुतळी झालेली. शिवाय रोलरवर पांढरी पूड. लगेच दुसरी कॅसेट लावली असती तर तिलाही तो प्रसाद मिळाला असता. एका दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “ब्लोअर मारून देतो, दोन मिनिटांत.” त्याने बुरशी सगळीकडे उडाली असती. मी पिशवी उचलून घरी आले.

ओली बुरशी पुसायला गेलं की फासली जाते; पूर्ण वाळली की तिची पूड होते आणि ती झटकता येते. म्हणून आधी वाळवण. उन्हात नाही, हेअर ड्रायरनेही नाही. एकेक कॅसेट झिपवाल्या पिशवीत, सोबत सिलिका जेल, रंग बदलणारं. निळे खडे गुलाबी झाले की समजायचं, पोट भरलं, बदला. पहिल्या आठवड्यात दोनदा बदलले, मग हळूहळू ते निळेच राहायला लागले. पाऊस सुरू व्हायच्या आत एवढं उरकलं हे नशीब.

साफसफाई गच्चीवर. मुलाला दमा आहे, त्यामुळे घरात एक कॅसेटही उघडली नाही. तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, वारा पाठीकडून. कॅसेटला पाच स्क्रू असतात, ते काढले की दोन पाकळ्या सुटतात. माझ्या चार कॅसेट मात्र बिनस्क्रूच्या, कारखान्यातच चिकटवलेल्या. त्यांची शिवण कटरने हळूहळू उकलावी लागली. त्यांच्यासाठी जुन्या बाजारातून स्क्रूवाल्या भजनांच्या कॅसेट आणल्या आणि आजीचं रीळ त्यांच्या खोक्यात बसवलं. फीत हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारा नमद्याचा इवलासा तुकडा माझ्या बहुतेक कॅसेटमध्ये गोंद सुकून गळून पडला होता. तो नसेल तर आवाज दबतो आणि आपण उगाच फितीला दोष देतो.

आधी मऊ ब्रशने रिळाच्या कडा झटकल्या. मग खरं काम. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर पळते. गुणाकार केला : सुमारे ८६ मीटर. आणि रुंदी ४ मिलिमीटरहूनही कमी. ही सगळी फीत, चष्मा पुसायच्या कोरड्या फडक्याच्या चिमटीतून, पेन्सिलने चक्र फिरवत, इकडून तिकडे. दर दोन-तीन मीटरला फडक्याची नवी जागा. पाणी नाही, स्पिरिट नाही, फितीला काहीही लावायचं नाही. एका कॅसेटला अडीच तास लागले आणि पेन्सिलवाल्या बोटाला फोड आला.

सहाव्या कॅसेटमध्ये काकाने कधीतरी तुटलेली फीत साध्या सेलोटेपने जोडलेली निघाली. त्याचा गोंद कडेने पाझरून शेजारच्या तीन वेढ्यांना चिकटला होता. तेवढा जोड कापून टाकला. दोन्ही टोकं नव्या ब्लेडने तिरकी कापली, टोकाला टोक लावलं आणि मागच्या बाजूने स्प्लायसिंग टेप (फीत जोडायची खास पट्टी) लावली. आजीचा एखादा शब्द गेला असेल.

“ओव्हनमध्ये ठेव ना, टेप बेक करतात,” असं चुलतभावाने सुचवलं. करतात, पण तो रोग वेगळा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही स्पूल टेपांवर चुंबकी पूड धरून ठेवणारा थर हवेतली ओल शोषून चिकट होतो. त्या ठरावीक यंत्रात ५४ अंशांच्या आसपास काही तास तापवतात. घरच्या ओव्हनचा काटा तेवढा इमानदार नसतो. आणि आमची स्पूल उजेडासमोर धरली तर कडेने उजेड आरपार दिसला, शिवाय नाकाला व्हिनेगरचा वास. म्हणजे ॲसिटेट, जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची फीत. ती तापवली तर वाट लागते. ती वेगळी गुंडाळून ठेवली आहे, जाणकाराच्या हातीच देणार.

डेकचं हेड आणि कॅपस्टन (फीत पुढे सरकवणारी बारीक दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. पुण्यातल्या तापकीर गल्लीत मोबाइलवाल्यांना नुसतं ‘आयपीए’ म्हटलं तरी कळतं. मग धडधडत्या छातीने प्ले दाबलं. आवाज आला, पण गोधडीतून आल्यासारखा. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. बाबांच्या टू-इन-वनचं हेड जरा तिरकं असणार, म्हणून माझं हेडही तेवढंच तिरकं करायचं. कॅसेट चालू ठेवून स्क्रू अगदी केसभर फिरवला. एकदम जात्याची घरघर सुटी झाली, मागे कोंबड्या, आणि बाबा : “आई, चालू झालंय, बोल.” आजी : “दळू की बोलू?”

संगणकात ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅमवर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला, म्हणजे भरपूर बारकाव्यांसह, उतरवून घेतलं, जसं आहे तसं. मूळ फायलीतली खरखर काढायचा मोह आवरला. ती काढायची तर वेगळ्या प्रतीवर. खरखरीबरोबर जाता जाता आजीच्या श्वासाचा आवाजही पुसला जातो.

आत्याला पेनड्राइव्ह दिला. तिने तिसरी ओवी ऐकून मान हलवली. “ही आईची नव्हे, ही तुझ्या मोठ्या काकूची. तीही दळायला बसायची.” फायलींची नावं परत बदलायला घेतली आहेत. तीन कॅसेट अजून पिशवीत आहेत, खडे परत गुलाबी झालेत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्यांना हात लावेन.